आधी जमीन, मग पाणी – हे आम्हाला पटत नाही



गेल्या तीन-चार बैठकांत एक वाक्य सारखं कानावर येतंय. "आधी जमीन नावावर होऊ द्या, पाण्याचं मागून बघू." बोलणारे परके नाहीत. आपलेच जुने कार्यकर्ते आहेत, लाठ्या खाल्लेले, जेल पाहिलेले. त्यांनी गायरानात पहिला नांगर घातला तेव्हा आमच्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते. म्हणून हे जपून लिहितोय. पण लिहितोय. कारण एमआयडीसीच्या अंगाला आणि नाल्याच्या खालच्या बाजूला आपल्या ज्या वस्त्या आहेत, भिल्लांच्या, ठाकरांच्या, पारध्यांच्या, तिथल्या बायांना "मागून" हा शब्द परवडत नाही. हंडा रोज भरावा लागतो.

जुन्या साथींची भीती आम्हाला कळते. ते म्हणतात, आपणच जर ओरडलो की या जमिनीत, या विहिरीत विष आहे, तर तहसीलदार उद्या म्हणेल, मग सोडा की जमीन, कशाला मागता? दुसरी भीती पोरांच्या कामाची. वस्तीतली निम्मी पोरं ठेकेदाराकडं कंपनीत जातात. नाव घेतलं की गेट बंद. आणि तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण असते. हे सगळं डॉक्टर-इंजिनियरचं काम, आपण बारावी शिकलेली माणसं, आपल्याला काय कळणार?

या तिसऱ्यापासूनच सुरुवात करू. कारण आम्ही हे समजून घेतलं, आणि ते काही आभाळातलं नाही.

२००९ च्या डिसेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक भागांना मार्क दिले. दिल्ली आयआयटीच्या लोकांना बरोबर घेऊन. ७० च्या वर मार्क म्हणजे अतिप्रदूषित. शाळेत जास्त मार्क चांगले, इथं उलटं. ४३ भाग ७० च्या वर निघाले. महाराष्ट्रातले पाच : चंद्रपूर ८३.८८, डोंबिवली ७८.४१, औरंगाबाद ७७.४४, नवी मुंबई ७३.७७, तारापूर ७२.०१. म्हणजे आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबईच्याही वर, तारापूरच्याही वर. (स्टेन्सिलवर आकडे नीट उठत नाहीत, म्हणून अक्षरात सांगतो : सत्याहत्तर पूर्णांक चव्वेचाळीस. वहीत लिहून ठेवा, सभेत उपयोगी पडतं.) २०१० च्या जानेवारीत केंद्रानं अशा भागांत नव्या कारखान्यांना पर्यावरण परवानगी देणं थांबवलं. पुढं कृती आराखडे सादर झाले, टप्प्याटप्प्यानं बंदी उठली. तारापूर २०१८ च्या यादीत ९३.६९ वर गेलं, देशात पहिलं. तिथं आजूबाजूला आपले वारली बांधव आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार राहतात.

आता हे मार्क कशाचे? धूर किती निघतो, पाणी किती काळं आहे, एवढंच नाही. त्यात तीन प्रश्न एकाला एक जोडलेले आहेत. विष कुठून निघतं. ते कुठल्या वाटेनं जातं. आणि शेवटी कुणाच्या अंगात पोचतं. तिसऱ्या प्रश्नासाठी कारखान्याच्या दोन किलोमीटरच्या आत किती माणसं राहतात ते धरलं होतं. पुढं २०१६ ला पद्धत बदलली, आणि परिसरातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या नोंदीत रुग्ण किती वाढले ते बघायचं ठरलं.

कागदावर हे चांगलं दिसतं. पण आमचा प्रश्न साधा आहे. दोन किलोमीटरच्या आत राहणारी माणसं मोजताना गायरानातलं पाल मोजलं का? आणि आपली कुठली बाई अंगाला खाज सुटली म्हणून मोठ्या हॉस्पिटलात जाते? ती गावातल्या डॉक्टरकडं जाते, पन्नास रुपये देते, एक सुई आणि एक मलम घेऊन येते. तिची नोंद कुठंच होत नाही. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती कोयता घेऊन कारखान्याला जाते ती पाडव्याच्या पुढं-मागं परत येते. सहा महिने इथलं पाणी, सहा महिने उसाच्या फडातलं पाणी. बाळंतपण फडात, मूल गेलं तर तेही फडात. मग कुठल्या हॉस्पिटलाच्या कुठल्या रजिस्टरात आपण सापडणार? नोंद नाही म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे धोका नाही. असा हिशेब लावला तर आपण जितके गरीब तितके निरोगी निघू.

आता वाट कुठली ते बघा. खाम नदी जटवाड्याच्या डोंगराकडून येते, हर्सूल, मग शहर, पाणचक्कीजवळून जाते, आणि पुढं नाथसागराकडं उतरते. ज्या नदीच्या काठावर मलिक अंबरानं शहर वसवलं, ती आज शहराचं सांडपाणी वाहते. चिकलठाण्याच्या अंगाला सुखना आहे. चिकलठाणा जुनी एमआयडीसी, वाळूज ऐंशीच्या दशकातली, शेंद्रा नंतरची. औषधांचे कारखाने, रसायनं, दारू, गाड्यांचे सुटे भाग, त्या भागांना चकाकी देणारे प्लेटिंगचे लहान-मोठे शेड. प्रत्येकाचं सांडपाणी वेगळं, प्रत्येकाचं विष वेगळं. प्लेटिंगला क्रोमियम आणि निकेल लागतं. क्रोमियमची जी जहाल जात आहे ती पाण्याला पिवळा रंग देते, कातडीवर व्रण करते, आणि तिची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली तर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. ही जगभरच्या प्लेटिंग कामगारांत पाहिलेली गोष्ट आहे. ठेकेदाराकडं टाकीवर उभी राहणारी आपली पोरं नाक वाहतं म्हणून तपकीर ओढतात.

पण आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एका गणितावर. हे गणित कळलं की बाकी सगळं कळतं.

विष किती वाईट हे फक्त पाण्यात ते किती आहे यावर ठरत नाही. माणूस ते पाणी किती पितो, त्याचं वजन किती, किती वर्षं पितो, यावर ठरतं. मिठाचंच घ्या. मोठ्या पातेल्यात मूठभर मीठ आणि वाटीभर कालवणात मूठभर मीठ, सारखं लागेल का? अंग लहान, विष तेवढंच, म्हणजे धोका मोठा. आता जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा ठरवते तेव्हा एक ठरलेला माणूस डोळ्यापुढं धरते. ६० किलो वजनाचा, दिवसाला २ लिटर पाणी पिणारा. बसा त्याच्या शेजारी आणि बघा तो आपल्यापैकी कुणासारखा दिसतो का.

आपली बाई. वजन ४० किलो, बऱ्याच जणींचं तर तेही नाही. वैशाखात वीटभट्टीवर नाहीतर दुसऱ्याच्या शेतात दिवसभर उन्हात. ती २ लिटरवर जगेल का? ५ लिटर तरी पितेच. आता भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा बघा, आयएस १०५००, २०१२ सालची : लिटरमागं क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नको. समजा एखाद्या विहिरीचं पाणी बरोबर ०.०५ वर आलं. रिपोर्टवर शिक्का : पिण्यायोग्य. त्या ठरलेल्या माणसाच्या पोटात दिवसाला ०.१ मिलिग्रॅम गेलं, ६० किलोत वाटलं गेलं. आपल्या बाईच्या पोटात ०.२५ मिलिग्रॅम गेलं, ४० किलोत वाटलं गेलं. भागाकार करून बघा. किलोमागं तिच्या अंगात पावणेचार पट जातं. पाणी तेच, रिपोर्ट तोच, शिक्का तोच. आम्ही हे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.

इथं खरं तेच सांगायला पाहिजे. मर्यादा ठरवताना थोडी मोकळीक ठेवलेली असते. त्यामुळं पावणेचार पट म्हणजे बाई उद्या आजारी पडली असं नाही. पण ती मोकळीक कशासाठी असते? एखादा अशक्त असेल, एखादी पोटुशी असेल, एखादं तान्हं असेल, त्यांच्यासाठी. आपल्याकडं ती मोकळीक नुसत्या उन्हातल्या कामानंच खाऊन टाकली. पोटुशी आणि तान्हं अजून बाकीच आहेत. आणि हा हिशेब एकट्या पिण्याच्या पाण्याचा, एकट्या क्रोमियमचा. त्याच पाण्यात डाळ शिजते, काळा चहा होतो, भाकरीचं पीठ भिजतं. त्याच पाण्यात निकेल असेल, शिसं असेल, तर प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा, प्रत्येक "मर्यादेत". सगळे मिळून एकाच अंगात काय करतात, याची ओळ रिपोर्टात नसते.

काही जण म्हणतात, उकळून प्या. उकळून जंतू मरतात, धातू मरत नाही. पाणी आटतं, धातू तेवढाच राहतो, म्हणजे उलट घट्ट होतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं विष जसंच्या तसं राहतं. हे वस्तीत सांगायला पाहिजे, कारण उकळण्यात बायांचं सरपण आणि वेळ दोन्ही जातं.

आणि ज्या वाटा ऑफिसातल्या फॉर्मवर कधी येणार नाहीत त्याही आम्ही लिहून काढल्या. निळे ड्रम. नळ नाही म्हणून टँकर, टँकर आला की साठवायला ड्रम, आणि ड्रम भंगारवाल्याकडचा, आधी त्यात काय होतं ते भंगारवाल्यालाही माहीत नाही. चूल. सरपण नाही म्हणून कंपनीच्या खोक्यांची रंग दिलेली लाकडं, तेलाच्या चिंध्या. तो धूर झोपडीत, बाई आणि पोरं धुरात. मासे. नदीतले, बॅकवॉटरमधले, विकायला निघाले नाहीत ते घरात. नाल्याच्या काठची भाजी. अनवाणी पाय. तोंडात बोटं घालणारी, मातीत रांगणारी पोरं. माती खाणं ही कुणाला चेष्टा वाटेल, पण शिशाचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ लहान मुलांच्या पोटात जाणारी माती धरतातच. शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात जास्त शोषलं जातं आणि डोक्याच्या वाढीला धरतं. मग शाळेत गुरुजी म्हणतात, तुमच्या लोकांची पोरं मठ्ठ. कशानं मठ्ठ, ते कुणी तपासलंय?

मासे म्हटलं की जपानमधल्या मिनामाटाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. समुद्रकाठची कोळ्यांची गावं. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला. आधी मांजरी वेड्यासारख्या नाचून मेल्या, मग माणसांचे हातपाय लुळे पडले, मग आईच्या पोटातली मुलं. आजाराची पहिली नोंद १ मे १९५६ ला झाली. कारखान्यामुळंच हे झालं हे जपान सरकारनं मान्य केलं १९६८ ला. मध्ये बारा वर्षं. त्या बारा वर्षांत सांडपाणी चालूच होतं आणि कोळी मासे खातच होते, कारण दुसरं खायला काय होतं? "पक्का पुरावा येऊ द्या" म्हणणारे तिथंही होते. पुरावा येईपर्यंतची वर्षं कुणाच्या अंगावर काढायची, हा आमचा मुद्दा आहे.

लांब जायला नको. २०१७ ला यवतमाळला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पावसाळ्याच्या शेवटी कपाशीवर फवारणी, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधाचा तुषार थेट तोंडावर. वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर फवारणारे मजूर किती होते ते बघा. शेत मालकाचं, औषधाचं बिल मालकाच्या नावावर, अंग मजुराचं. कन्नड, सोयगाव, सिल्लोडकडं आपली माणसं तेच काम करतात. तेच पंप, तीच औषधं, दोन औषधं एकत्र करायची तीच सवय. फवारणीच्या आधी आणि नंतर रक्तातलं कोलिनेस्टेरेज तपासलं तर अंगात औषध किती भिनलंय ते कळतं. ही तपासणी आपल्यातल्या किती मजुरांची झालीय? आम्ही विचारून पाहिलं. नावच कुणी ऐकलं नव्हतं. निदान डब्यावरचा त्रिकोण तरी सगळ्यांनी ओळखावा : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता आलं नाही तरी रंग दिसतो. आणि रिकाम्या डब्यात घासलेट, पाणी, तेल काही म्हणजे काही भरू नका.

आता येऊ जुन्या साथींच्या पहिल्या भीतीकडं. विष आहे म्हणालो तर जमीन जाईल.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं रंगाला लागणारं एच-ॲसिड करणारे कारखाने आले. गाळ उघड्यावर टाकला, पावसानं तो जमिनीत मुरवला, विहिरींचं पाणी तांबडं-काळं झालं. ३५० हेक्टरातल्या सुमारे साठ विहिरी गेल्या. कारखाने बंद झाले तरी विष राहिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं जाऊन माती-पाणी तपासलं. १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल आला : ज्यानं घाण केली त्यानंच ती साफ करण्याचा खर्च द्यायचा. पुढं तो खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार ठरला. कंपनीनं भरला नाही, अर्जावर अर्ज करत राहिली, तेव्हा २०११ ला कोर्टानं त्यावर वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं.

या निकालात कुठंही असं नाही की विहिरी खराब झाल्या म्हणून गावानं उठावं. राहणारा गुन्हेगार नाही, घाण करणारा गुन्हेगार. हे पहिलं. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गावकऱ्यांना स्वतःचं जे नुकसान झालं, त्यासाठी कोर्टानं सांगितलं की दिवाणी कोर्टात दावा लावा, आणि कोर्ट फी भरायची ऐपत नाही म्हणून दावा लावला तर राजस्थान सरकारनं त्याला विरोध करू नये. दिवाणी दाव्यात पहिला प्रश्न काय येतो? विहीर कुणाची. सातबारा दाखवा. म्हणजे जमिनीचा कागद नसेल तर जमीन-विहिरीच्या नुकसानीची भरपाई मागणंसुद्धा अवघड होतं. आणि उलट बाजूनं, विषाची नोंद आज केली नाही तर उद्या जमीन नावावर झाल्यावर कंपनी म्हणेल, आधीपासूनच अशी होती. ही दोन भांडणं नाहीतच, एकच आहे. जमीन मागताना जमीन म्हणजे काय मागतोय आपण? नुसता गट नंबर? का पिकणारी माती आणि पिता येईल असं पाणी?

जुन्या साथींना आठवण करून द्यायची गरज नाही, तरी नवीन पोरांसाठी लिहितो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय त्याच वाटेवरचा, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा. तो अजून कित्येकांना लागू झालेला नाही. मधेच २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग निकाल आला, त्यावर १२ जुलैचा शासन निर्णय निघाला, आणि तलाठी लगेच नोटिसा घेऊन दारात. त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनीचा अपवाद आहे, तो मात्र कुणी वाचून दाखवत नाही. वनजमिनीवर असलेल्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा पाहिजे. आपल्या जिल्ह्याला पेसा लागू नाही, पण वनहक्क कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमात ग्रामसभेला पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार दिलाय. आपण तिसऱ्या कलमासाठी भांडतो, पाचवं उघडतच नाही. दाव्याबरोबर पाण्याचा ठराव जोडला तर दावा कमजोर होत नाही. उलट, इथं माणसं किती वर्षं राहतात, कुठलं पाणी पितात, कुठं शेती करतात याचा तो आणखी एक पुरावा होतो.

कामाच्या भीतीवर आमच्याकडं सोपं उत्तर नाही. गेटवरून हाकललेल्या पोराच्या घरात संध्याकाळी काय शिजतं ते आम्हाला माहीत आहे. म्हणून आमचं म्हणणं असं की सुरुवात कंपनीचं नाव घेऊन करायची नाही, विहिरीचं नाव घेऊन करायची. कुठल्या विहिरीत काय आहे ते आधी कळू द्या. कुणाचं आहे ते शोधणं मंडळाचं काम, त्यांच्याकडं कुठल्या कारखान्याला काय सोडायची संमती दिलीय त्याची नोंद असते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून मागता येते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक सावधानता मात्र आपल्याच लोकांसाठी. प्रत्येक खाज कंपनीची नसते. प्रत्येक खारं बोअर कंपनीनं खारं केलेलं नसतं. मराठवाड्याच्या खडकात खोल बोअरला फ्लोराईड लागू शकतं, दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं दुखतात. नायट्रेट आपल्याच खतानं, आपल्याच गुराढोरांच्या आणि संडासाच्या घाणीनं वाढतं, त्याची मर्यादा ४५ आहे. सभेत उभं राहून सगळं एकाच कारखान्यावर ढकललं आणि रिपोर्टात वेगळंच निघालं तर पुढच्या वेळी खरं बोललो तरी कुणी ऐकणार नाही. म्हणून आधी मोजा, मग बोला.

आम्ही तिघं-चौघं मागं एका कार्यालयात दोन बाटल्या पाणी घेऊन गेलो होतो. साहेबांनी बाटल्या टेबलावर ठेवूसुद्धा दिल्या नाहीत. म्हणाले, तुमचं सँपल चालत नाही. राग आला, पण कायदा वाचल्यावर कळलं की त्यात अर्धं खरं आहे. १९७४ च्या पाणी कायद्याच्या २१ व्या कलमात कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते ठरलंय : अधिकाऱ्यानं नोटीस द्यायची, मालकासमोर नमुना घ्यायचा, दोन भाग करायचे, सील लावायचं. तसं नसेल तर कोर्टात तो पुरावा धरत नाहीत. पण तो नियम कारखान्यावर खटला भरण्यासाठीचा. आपल्या विहिरीचं पाणी प्यावं का नाही हे जाणून घ्यायला कुणाच्या सीलची गरज नाही. ग्रामपंचायतीनं पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायला पाठवायचे असतात, ते कुठल्या विहिरीचे पाठवायचे हे ग्रामसभेत ठरवता येतं. आजवर ते गावठाणातल्या विहिरीचे गेले. आता वस्तीच्या हातपंपाचा जाऊ द्या. आणि तपासायला देताना नुसतं "पाणी तपासा" लिहू नका, नाहीतर जंतू आणि खारेपणा बघून परत येतं. क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, फ्लोराईड, नायट्रेट, अशी नावं घालून अर्ज द्या.

तोवर प्रत्येक वस्तीनं एक वही घालावी. शंभर पानी पुरेल. विहीर, बोअर, हातपंप, प्रत्येकाला एक पान. पाण्याचा रंग, वास, फेस येतो का, कुठल्या महिन्यात जास्त येतो. पहिल्या पावसानंतर काय होतं हे जरूर लिहा, कारण रात्री पाऊस पडत असताना नाल्याला काय सोडतात हे तपासणीवाल्यापेक्षा नाल्याकाठच्या बाईला जास्त माहीत असतं. वहीच्या मागच्या बाजूनं माणसं. कोण किती वर्षं तेच पाणी पितं, कोण ऊसतोडीला जातं आणि किती महिने, अंगावर काय उठतं, कुणाचं मूल पोटात गेलं. हे शेवटचं बायांनीच बायांना विचारावं आणि घरच्यांची परवानगी असेल तरच लिहावं, नाव न घालता घर नंबर घालून. गुरांचंही लिहा. गाय गाभडली, शेळ्या मेल्या, कोंबड्या मेल्या. मिनामाटात मांजरी आधी मेल्या होत्या.

पुढच्या बैठकीत "आधी जमीन" म्हणणाऱ्या साथींनी त्यांचं म्हणणं मांडावं, आम्ही ऐकू. पण येताना प्रत्येक वस्तीची वही पाहिजे, निदान एक पान भरलेली. पानावर वर विहिरीचा गट नंबर घाला. गट नंबर नसेल, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा नसेलच, तर विहिरीशेजारी कुठलं झाड आहे आणि पहिला नांगर कुणी कुठल्या साली घातला ते लिहा.